आठ आडव्या रेघा

१

ईश्वरदास धकाते यांचा मृत्यू सोमवार, बारा जानेवारी रोजी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी झाला. मृत्यूच्या कारणाबद्दल मतभेद नव्हते. न्यूमोनियासाठी पेनिसिलिन गटातील इंजेक्शन दिले गेले, काही मिनिटांत घसा सुजला, रक्तदाब कोसळला आणि पुढचे सर्व उपाय निष्फळ ठरले. प्रश्न एवढाच होता, की या माणसाला पेनिसिलिन चालत नाही हे रुग्णालयाला ठाऊक होते की नव्हते.

धकाते मूळचे उमरेडचे, विणकर घराण्यातले. माग बंद पडल्यावर वीस वर्षे गांधीबागेतल्या एका कापड दुकानात त्यांनी धोतरजोड्या दाखवल्या. त्यांची मुलगी गुंजन म्हणत होती, की भरतीच्या वेळी तिने पेनिसिलिनचे स्पष्ट सांगितले. परिचारिका प्रणाली ठवकर म्हणत होती, की तिने ते संगणकात लिहिले. आणि संगणकाच्या पडद्यावर ‘ॲलर्जी’ या शब्दापुढचा रकाना रिकामा होता.

हुडकेश्वरचे हे चाळीस खाटांचे रुग्णालय एका ट्रस्टचे होते. डिसेंबरपासून तिथला कागद बंद झाला होता आणि भरतीची नोंद थेट संगणकात होत होती. त्यामुळे पडद्याला खोटे पाडू शकेल असा कागद उरला नव्हता.

ट्रस्टने तिघांची चौकशी समिती नेमली. दोघे ट्रस्टचेच होते. तिसऱ्या डॉ. कुसुमावती उमाठे, बाहेरच्या. त्यांनी एकतीस वर्षे सरकारी प्रयोगशाळेत मृतांच्या अवयवांत विष शोधले होते. त्या काळात त्यांनी कोणाही नातेवाइकाच्या सांगण्यावर विश्वास ठेवला नाही. अविश्वासही ठेवला नाही.

व्यवस्थापक जितेंद्र यांनी पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे एक टंकलिखित पान ठेवले. त्यात ‘परिचारिकेची अक्षम्य हयगय’ असे शब्द होते आणि खाली तीन सह्यांच्या जागा. दोन भरलेल्या होत्या.

“मसुदा आधी आणि चौकशी नंतर, असा क्रम का?” कुसुमावतींनी विचारले.

“फक्त फॉरमॅट आहे मॅडम. शुक्रवारी पोलिसांना आणि नर्सिंग कौन्सिलला पाठवायचा आहे.”

“पाठवल्यावर काय होईल?”

“गुन्हा दाखल होईल. तिची नोंदणी रद्द होईल. दुःखद आहे, पण पडदा खोटं बोलत नाही.”

कुसुमावतींनी पेनचे टोपण पुन्हा लावले.

२

प्रणाली सव्वीस वर्षांची, काटोलची. खिडकीबाहेर चार दिवसांपासून ढग जागचे हलले नव्हते आणि चौकशीच्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागत होता.

“काय लिहिलंत ते क्रमाने सांगा.”

“नाव. वय. मंग पूर्वीचे आजार, त्यात डॅश. चालू औषधं, त्यातही डॅश. ॲलर्जी, पेनिसिलिन. शेवटी आहार, कमी तिखट.”

“डॅश कशासाठी?”

“रिकामा रकाना ठेवायचाच नाही मॅडम. रिकामा म्हणजे विचारलं नाही. डॅश म्हणजे विचारलं, पण काही निघालं नाही. आमच्या ट्यूटर एक रकाना रिकामा दिसला की पूर्ण चार्ट पुन्हा लिहायला लावत. तीन वर्षं हेच केलं आम्ही.”

“ही सवय कधी सुटते?”

“नाही सुटत. माह्या आईनं बँकेचा फॉर्म भरायला देला, तर त्यातही मी डॅश मारून राहिली होती. बँकवाला म्हणे, पोरगी दवाखान्यात आहे का?”

जितेंद्र यांनी कागदांची एक जुडी पुढे सरकवली.

“मॅडम, एक डिसेंबर ते बारा जानेवारी. प्रणाली सिस्टरने केलेल्या एकसष्ट भरती. यात नुसता डॅश असलेला एक रकाना मला दाखवा.”

कुसुमावतींनी शेवटपर्यंत पाने उलटली. रिकामे रकाने एकशे चार होते. नुसता डॅश असलेला एकही नव्हता. काही शब्दांच्या आधी मात्र एक बारीक आडवी रेघ होती: ‘-रक्तदाबाची गोळी’, ‘-साधा’. त्यांनी ते टिपून ठेवले. रेघ असलेल्या प्रत्येक शब्दाआधीचा रकाना रिकामा होता, हेही टिपले.

धकाते यांच्या नोंदीत आजार, औषधे आणि ॲलर्जी असे तिन्ही रकाने कोरे होते; त्या पानाची प्रत तिथेच संपत होती, आहाराची ओळ तिच्यात आलीच नव्हती.

“म्हणजे डॅशची गोष्ट खोटी,” जितेंद्र म्हणाले. “मग पेनिसिलिनची खरी कशावरून धरायची?”

प्रणालीने पाने हातात घेतली. बराच वेळ ती एकेक ओळ पाहत राहिली.

“हे मी लिहिलेलं नाही,” ती म्हणाली.

“सगळं तुझ्याच लॉगिनमधून आहे.”

“हो. तरी हे मी लिहिलेलं नाही.”

३

गुंजनची तक्रार प्रणालीविरुद्ध होती आणि ती मागे घेण्याचा तिचा विचार नव्हता.

“मी समोर उभी होती,” ती म्हणाली. “दोनदा सांगितलं. माह्या लहानपणी एकदा बाबा त्याच सुईनं मरता मरता वाचले होते. ती हो हो करून टाइप करून राहिली होती. आता काय टाइप करून राहिली होती, ते मले काय माहीत? दुपारी मी रक्ताची बाटली घेऊन लॅबमधी गेली. परत आली तं खाटेभोवती पडदा ओढला होता.”

“वडील स्वतः सांगू शकत नव्हते?”

“एकशे चार ताप होता. मले ते माही आई समजत होते.”

इंजेक्शनचा निर्णय डॉ. स्वानंद यांचा. ते तरुण होते आणि त्या सोमवारपासून नीट झोपलेले दिसत नव्हते.

“टेस्ट डोस दिला होता. काही दिसलं नाही. डॉक्टरांच्या पडद्यावर ॲलर्जीपर्यंतच दिसतं, आहार दिसत नाही. ॲलर्जी कोरी होती, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही.”

“कोऱ्या रकान्याचा अर्थ ‘विचारलं नाही’ असा होऊ शकतो, हे मनात आलं नाही?”

“नाही मॅडम. महिनाभर ज्यांना ॲलर्जी नाही त्या सगळ्यांचा रकाना कोराच दिसत होता. कोणत्याही सिस्टरची नोंद उघडा.”

कुसुमावतींनी ते वाक्य शब्दशः घेतले. जितेंद्र यांनी त्यांना फक्त प्रणालीच्या नोंदी दिल्या होत्या. त्या वॉर्डातल्या संगणकापाशी गेल्या आणि बाकीच्या सहा परिचारिकांच्या नोंदी एकेक करून उघडू लागल्या. डिसेंबरमध्ये एकाही नोंदीत नुसता डॅश नव्हता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातही नव्हता. बारा तारखेलाही नाही.

तेरा तारखेच्या सकाळी दहानंतर केलेल्या प्रत्येक नोंदीत, जिथे सांगण्यासारखे काही नव्हते तिथे, एक स्वच्छ डॅश होता.

प्रणाली तेरा तारखेलाच निलंबित झाली होती. त्यामुळे तिची अशी एकही नोंद असणे शक्य नव्हते.

सहा स्त्रियांना एकाच सकाळी दहा वाजता एकच शिस्त लागली, हे गृहीतक कुसुमावतींनी तपासले आणि सोडून दिले. लिहिणारे तेच होते. दाखवणारे यंत्र बदलले होते.

४

दुसरी गोष्ट अशी, की डिसेंबरातल्या बऱ्याच नोंदींत ‘आहार’ हा रकानाही कोरा होता. आहार टाइप करायचा नसतो, यादीतून निवडायचा असतो. निवडल्याशिवाय नोंद पुढे जात नाही. म्हणजे तो रकाना कोरा सोडणे कोणालाच शक्य नव्हते. आहाराच्या चिठ्ठ्या कुठे छापल्या जातात, हे कुसुमावतींनी विचारून घेतले आणि त्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात गेल्या.

तिथे कारभार शोभाताईंचा होता. त्या कढईतला वरणाचा फेस काढत होत्या आणि पाहुणीकडे न पाहता बोलत होत्या.

“चौकशी आमच्याकडे काहून आली? आमच्या वरणानं कोणी मेलं नाही अजून.”

“आहाराच्या कोऱ्या चिठ्ठ्या येतात का तुमच्याकडे?”

“येत होत्या. महिनाभर ढिगानं आल्या. आठवड्यापासून बंद झाल्या.”

“मग तुम्ही काय करायच्या?”

“काय करणार? कोरी आली की साधं जेवण. त्या वरच्या मशीनले भूक लागते थोडीच.”

“जुन्या चिठ्ठ्या आहेत?”

“मेघा, तार आण वं,” शोभाताईंनी मागे वळून सांगितले. मेघा ही त्यांची मदतनीस. तिने भिंतीवरून एक वाकवलेली लोखंडी तार काढली. तिच्यात चिठ्ठ्या ओवलेल्या होत्या. शोभाताई महिना संपेपर्यंत एकही फेकत नसत, कारण एका पेशंटच्या भावाने एकदा पथ्यावरून त्यांच्याशी भांडण केले होते.

कुसुमावतींनी बारा तारीख शोधली. खाट क्रमांक सात, ईश्वरदास धकाते, छापल्याची वेळ अकरा वाजून दहा मिनिटे. खाली एक ओळ होती.

आहार: पेनिसिलिन.

“ही पाहून तुम्हाला काही वाटलं नाही?”

शोभाताईंनी झारा कढईच्या काठावर ठेवला. आता त्यांचा आवाज उतरला होता.

“वाटलं ना. औषधाची चिठ्ठी चुकून खाली आली वाटलं. मी जितेंद्र साहेबाले फोन केला, साडेअकराले. म्हटलं, सात नंबरच्या जेवणात औषधाचं नाव आलं. ते म्हणाले, काहून डोकं खाऊन राहिल्या शोभाताई, तुमचं रोजचंच आहे, साधं द्या.”

“मग?”

“मग मी साधं देलं.”

इंजेक्शन तीन वाजून पंचवीस मिनिटांनी दिले गेले. त्याआधी चार तास हा शब्द रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात एका तारेला लटकत होता.

५

भरतीचा प्रोग्राम सौरवने लिहिला होता. एकट्याने, पंधरा दिवसांत. त्याला बोलावल्यावर तो लॅपटॉप छातीशी धरून आला आणि सांगेपर्यंत बसला नाही.

“मला पडद्यावरची नोंद नको,” कुसुमावती म्हणाल्या. “साठवलेली दाखवा. जशी आहे तशी.”

सौरवने एक ओळ उघडली.

ईश्वरदास धकाते--५८--------पेनिसिलिन--कमी तिखट

“सगळे रकाने एकाच ओळीत?”

“हो मॅडम. पंधरा दिवसांत तेवढंच झालं असतं. ओळ साठवायची आणि पडद्यावर दाखवताना तोडायची. दोन रकान्यांच्या मध्ये खूण म्हणून दोन रेघा. जिथे दोन रेघा दिसतील तिथे प्रोग्राम ओळ तोडतो.”

“दोनच का?”

“आधी स्वल्पविराम ठेवला होता. पण औषधांच्या यादीत लोक स्वल्पविराम देतात, मग ओळ भलतीकडंच तुटे. एक रेघ तारखेत येते. म्हणून दोन. लागोपाठ दोन रेघा कोण टाइप करते मॅडम?”

“कोणीच केल्या नाहीत,” कुसुमावती म्हणाल्या. “प्रणालीने एका रकान्यात एक रेघ दिली आणि दुसऱ्यात एक. वय आणि पेनिसिलिन यांच्यामध्ये तुमच्या खुणा किती?”

“तीन.”

“म्हणजे सहा रेघा. तिच्या दोन मिळवा.”

“आठ.”

“तुमचा प्रोग्राम डावीकडून जोड्या मोजतो. कोणती रेघ खुणेची आणि कोणती नर्सची, हे त्याला कळत नाही. आठ रेघांच्या जोड्या किती होतात?”

सौरवने लॅपटॉपवर बोट ठेवून मोजले. “चार.”

“तीनच्या जागी चार खुणा. एक रकाना जास्तीचा जन्माला आला आणि त्यानंतरचं सगळं एकेक घर पुढे सरकलं. पेनिसिलिन आहारात गेलं. कमी तिखट सातव्या घरात गेलं, आणि सातवं घर पडद्यावर नव्हतंच. एकटा डॅश असता तर पाच रेघा झाल्या असत्या. दोन जोड्या, आणि उरलेली एक रेघ पुढच्या शब्दाला चिकटली असती. तशा रेघा मी मोजल्या आहेत. रकाना सरकण्यासाठी शेजारी शेजारी दोन डॅश लागतात. ते ॲलर्जीच्या आधी आले तर ॲलर्जी सरकते. बाकी वेळी फक्त आहार कोरा होतो, आणि तेव्हा शोभाताई साधं जेवण पाठवतात.”

“मी चाचणी केली होती मॅडम. चाळीस नावं टाकून.”

“त्यात न भरलेले रकाने कसे ठेवले होते?”

“रिकामे.”

कुसुमावतींनी मान हलवली. कोणीही प्रोग्रामर तसेच करेल. कोणतीही परिचारिका तसे करणार नाही.

“आता तेरा तारखेचं सांगा.”

सौरव खुर्चीत बसला. सोमवारी संध्याकाळी जितेंद्र यांनी त्याला बोलावून विचारले होते, की नर्सने नोंद पुसली आहे का. त्याने ही ओळ उघडली आणि त्याला सगळे दिसले. त्याने ते जितेंद्र यांना सांगितले. मंगळवारी सकाळी खूण बदलली गेली. आता ती पाच चिन्हांची होती आणि त्यात रेघ नव्हती.

“नव्या नोंदी सुधारल्या. जुन्या का नाहीत?”

“जुन्या ओळी हातानं दुरुस्त कराव्या लागतात. मी म्हटलं, एका दिवसात करून देतो. सर म्हणाले, जुन्याले हात लावू नको. सात नंबरले तं बिलकुल नाही.”

“तोंडी म्हणाले?”

सौरवने खिशातून फोन काढला. त्याचा अंगठा काचेवर थांबला होता.

“मॅडम, हे दाखवलं तर मीही यात येतो ना?”

“येता.”

त्याने फोन टेबलावर ठेवला, पडदा वर करून.

६

जितेंद्र यांनी सौरवच्या फोनवरचा आपलाच संदेश वाचला, शोभाताईंची चिठ्ठी वाचली, आणि दोन्ही एकमेकांवर नीट जुळवून ठेवले.

“साडेअकराला मला काही कळलं नव्हतं,” ते म्हणाले. “शपथेवर सांगतो. स्वयंपाकघरातून रोज एक तक्रार येते.”

“ते मी मान्य करते. अहवालातही तसंच लिहीन. तुमचा प्रश्न संध्याकाळनंतरचा आहे.”

“तुम्हाला बाहेरून सोपं वाटतं मॅडम. हेच सॉफ्टवेअर ट्रस्टच्या आणखी तीन दवाखान्यांत लागणार होतं. यंत्रामुळे माणूस मेला असं छापून आलं असतं तर उद्या इथे कोण भरती झालं असतं? माणूस तर परत येणार नव्हता.”

“आणि प्रणाली?”

“तिला मी दुसरीकडे लावून दिलं असतं. शब्द देतो.”

“नोंदणी रद्द झालेल्या नर्सला कुठे लावतात?”

समितीचे उरलेले दोघे आपापल्या सह्यांकडे पाहत होते. त्यांतल्या एकाने विचारले, की मसुद्यावरच्या सह्या कायदेशीर मानल्या जातील का. कुसुमावतींनी तो मसुदा घेतला, त्याला अनुक्रमांक घातला आणि पुराव्याच्या फाइलमध्ये लावला.

त्यांचा अहवाल सहा पानांचा झाला. पहिल्या पानावर ती ओळ छापली होती, आठही रेघांसह.

७

शुक्रवारी अहवाल गेला. पोलिसांनी जितेंद्र आणि सौरव यांचे जबाब घेतले. गुंजनने प्रणालीविरुद्धची तक्रार मागे घेतली. नुसती सही करून ती गेली. नर्सिंग कौन्सिलकडे काहीच पाठवले गेले नाही.

शनिवारी सकाळी प्रणाली अहवालाची प्रत घ्यायला आली. आकाश तसेच होते. बाहेरच्या ओसरीत, बाकावर बसून, तिने सहाही पाने वाचली. पहिल्या पानावरच्या रेघा बोटाने मोजल्या. कुसुमावती शेजारी बसून वाट पाहत होत्या.

“मॅडम, एक विचारू?”

“विचारा.”

“मी ते दोन रकाने रिकामेच सोडले असते तं?”

कुसुमावतींनी हे गणित सौरव समोर असतानाच मनात केले होते. सहा रेघा, तीन जोड्या.

“तर पेनिसिलिन आपल्या जागी दिसलं असतं.”

“आणि एकच डॅश देला असता तं?”

“तरीही दिसलं असतं.”

प्रणालीने अहवाल मांडीवर ठेवला. रस्त्यावरून एक स्कूटर गेली. आत कोणीतरी खाट सरकवत होते, तिची चाके फरशीवर कुरकुरत होती.

“म्हणजे मी कामचोर असती तं ते वाचले असते.”

“त्या एका दुपारी, त्या एका प्रोग्रामपुरतं, हो.”

“हे लिहिलं आहे यात?”

“पान चार, तिसरा परिच्छेद. वगळता आलं असतं. वगळलं असतं तर पुढच्या माणसाला ते शोधता आलं नसतं.”

प्रणालीने पान चार पुन्हा काढले आणि तो परिच्छेद दुसऱ्यांदा वाचला. कुसुमावतींना तिचा चेहरा दिसत नव्हता.

“सोमवारपासून सकाळची ड्युटी देली मले,” ती म्हणाली.

“जाणार?”

“जाईन. घरी बसून काय करू?” तिने पानांच्या कडा जुळवल्या. “पण मॅडम, रकाना समोर आला की हात थांबन. डॅश देऊ की नको देऊ, हे आता आयुष्यभर.”

ते कुसुमावतींच्या अहवालाच्या कक्षेबाहेरचे होते.